काळ्या पेटीतल्या मुंग्या

१

पेटी उघडली तेव्हा आत पाइप नव्हता. मुंग्या होत्या.

झाकण मानोऱ्याच्या बँडमास्तर अंजना मॅडमनी उचललं, माझ्या समोरच. निळ्या मखमलीत बॅगपाइपच्या आकाराचा खळगा होता आणि त्याच्या काठाने काळ्या मुंग्या फिरत होत्या, यजमान बाहेर गेलेल्या घरात पाहुणे फिरावेत तशा.

पेटी माझ्या वडिलांची, बाबूजींची. कापड दुकानदार पूनमचंद वाशीमात शाळांच्या पाइप बँडची स्पर्धा भरवतात याचं लोकांना सुरुवातीला हसू यायचं, मग सवय झाली, पुढे अभिमान वाटू लागला. तरुणपणी रेल्वेत भेटलेल्या एका निवृत्त फौजी वादकाकडून ते हे वाद्य शिकले आणि आयुष्यभर इतरांना शिकवत राहिले. ऑगस्टमध्ये ते गेले. त्यांच्याशिवाय भरणारी ही पहिली स्पर्धा, आणि संयोजकाचा बिल्ला माझ्या छातीवर होता.

नियम सगळे बाबूजींचे. वाद्यं आदल्या संध्याकाळी एका खोलीत जमा करायची, ती खोली सकाळी सर्वांसमोर उघडायची. परीक्षक पडद्यामागे बसणार. त्यांना शाळेचं नाव कळणार नाही, नुसता क्रमांक. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरणार. दोन बँडमास्तर राजी असतील तर त्यांनी आपसांत क्रम बदलावा, मात्र पहिला बँड रेषेवर येण्याआधी. आणि रेषेवर किमान सहा पाइप हवेत. पाच असतील तर बँडने परत फिरायचं. या नियमाला बाबूजींनी स्वतः शिकवत असलेल्या शाळेसाठीही कधी फाटा दिला नव्हता.

मानोऱ्याच्या आश्रमशाळेकडे आता पाचच होते. सहावा दिवाळीत पडून तडकला. म्हणून मागच्या आठवड्यात मी बाबूजींचा पाइप घेऊन मानोऱ्याला गेले आणि बँडची प्रमुख हेमला हिच्या हातात पेटी दिली. "आपल्याच पाइपसारखी काळजी घे," एवढंच म्हणाले. जास्त बोलता आलं नसतं. पाच महिने मी ती पेटी उघडली नव्हती. पाइपच्या पिशवीत त्यांचा शेवटचा श्वास असेल असं वाटायचं. हवा तशी टिकत नाही हे मला ठाऊक आहे. काही गोष्टी ठाऊक असून उपयोग नसतो.

"पहिला नंबर आमचाच निघाला, ताई," अंजना मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या. "तासाभरात उभं राहा लागते. जिंकलेले पयले दोन बँड नागपूरच्या मोठ्या स्पर्धेले जाणार. पोरीयच्या मायबापानं कबूल केलं हाय, बँड नागपूरले गेला त पोरी शाळेतच राहातीन. नाई त संक्रांत झाली का मुकादम येते, ऊसतोडीले सगळेच जातीन. हेमला बी."

हेमला पेटीजवळ उभी होती. सकाळी खोलीतून पेटी तिनेच आणली होती.

"पाइप कुठे आहे, हेमला?"

"मले नाई माहीत, ताई."

ती रडत नव्हती. पण तिचे डोळे रडून झालेल्या माणसाचे होते, आणि पेटी तर आत्ता उघडली होती.

२

संशय घ्यायला सगळ्यात सोपा माणूस रवी होता. वाशीमच्या मोठ्या शाळेचा बँडमास्तर, तीन वर्षं लागोपाठ पहिला. या वर्षी त्याला शेवटचा क्रमांक मिळाला होता, जो सगळ्यांना हवा असतो. सकाळच्या गारठ्यात पाइपचा सूर खाली बसतो; उन्हं तापली की वाद्यं आणि बोटं दोन्ही मोकळी होतात. वर मागच्या सभेत याच रवीने तक्रार केली होती की उसन्या वाद्यावर स्पर्धेत उतरणं बरोबर नाही.

मी गेले तेव्हा तो पाइपच्या सांध्यांना मेण लावत होता.

"या, ताई. झडती घ्याची हाय का?"

"बातमी पोचली वाटतं."

"मैदानात मुंगी शिंकली तरी कळते. बॅगा उघडू?"

"तू तक्रार केली होतीस."

"केली होती. नियमासाठी केली. नियमासाठी भांडाले कोनं शिकवलं मले? तुमच्याच बापानं." त्याने फडकं खाली ठेवलं. "मी आठवीत असताना त्या पाइपावर शिकलो. मले तो चोराचा असता त तवाच घेऊन पळालो असतो. तवा मी जोरात पळत होतो."

खोटं बोलणारा माणूस स्वतःच्या सुटलेल्या पोटाकडे बघून विनोद करत नाही, असं मला वाटलं. पण तो पुरावा नव्हे.

"रवी, तुमच्या पाइपांना कधी मुंग्या लागतात?"

"आमच्या? काहून लागतीन? आमच्या पिशव्या कापडाच्या, आतून रबर. त्यायले काई पाजा लागत नाई. मुंग्या लागते चामड्याच्या पिशवीले. चामडं कोरडं पडलं का हवा सोडते. मंग फय्याजचाचाचा मसाला करून पाजा लागते. मध, कोमट पाणी, अजून काय काय. चामडं मध पिऊन घेते आन् मऊ राह्यते."

"चामड्याच्या पिशव्या कोणाकडे आहेत?"

"मानोऱ्याकडंच. जुने पाइप हाय त्यायचे. बाकी सगळे कापडावर आले."

मी आभार मानले नाहीत. मानायला हवे होते. मी दुसऱ्याच विचारात होते. आम्ही जैन. बाबूजी चामड्याला हात लावत नसत आणि मध तर आमच्या घरी खोकल्याच्या औषधातही चालत नसे. त्यांच्या पाइपची पिशवी कापडाचीच होती. पाइप दुरुस्त करणाऱ्या फय्याजचाचांनी ती खास त्यांच्यासाठी शिवली होती.

मग त्यांच्या पेटीत मुंग्या कशासाठी आल्या?

३

व्यासपीठामागे माझा धाकटा भाऊ नमन गाडीतून काहीतरी उतरवत होता. लांबट, चादरीत गुंडाळलेलं. मला पाहून त्याने ते घाईने भिंतीला टेकवलं.

पाइप बाहेर द्यायला नमनचा विरोध होता. दुकानात काचेच्या कपाटात ठेवू, म्हणत होता. त्यावरून आमचं दोन दिवस बोलणं बंद होतं.

"चादरीत काय आहे?"

"नंतर बघ ना, ताई."

"आत्ता दाखव."

त्याने चादर बाजूला केली. बाबूजींचा फोटो होता, मोठा केलेला. गालफडं फुगलेली, एक भुवई वर, पाइप काखेत. कुणीतरी ते हसायच्या बेतात असताना काढलेला.

"आईला उद्घाटनाच्या वेळी दाखवायचा होता," नमन म्हणाला. "तू संयोजक झाल्यापासून पोलिसांसारखी चालायला लागलीस."

मी त्याला पाइपचं सांगितलं. 'मी म्हटलं होतं ना' हे शब्द त्याच्या ओठांवर आले आणि त्याने ते गिळले, याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

"ताई, फय्याजचाचा मघाशी दिसले," तो जरा वेळाने म्हणाला. "स्वयंपाकाच्या मांडवाकडे चालले होते. मी सलाम केला तर ओळख न देता निघून गेले. शालीत काहीतरी धरलं होतं, तान्हं मूल धरतात तसं."

फय्याजचाचा बाबूजींचे सगळ्यात जुने मित्र. खरादीवर लाकडी नळ्या घडवणारे, जिल्ह्यातला प्रत्येक पाइप दुरुस्त करणारे. बाबूजींना खांदा देणाऱ्यांत ते होते. ते आमची ओळख देत नाहीत, असं मी आयुष्यात प्रथमच ऐकत होते.

४

मांडवात धुरपताबाई दोनशे पोरांचे पोहे परतत होत्या.

"फय्याजचाचा इकडे आले होते का?"

"तो मिस्त्री? आल्ता ना." झारा थांबला नाही. "म्या म्हनलं चाहा घे. त नाई म्हणते. मले गुळाचा खडा दे म्हणते. देल्ला. मंग घडीभरानं आला, कोमट पाणी दे म्हणते. म्या म्हनलं, काहून रे बाबा, गूळपाणी करून राह्यला, कोन पाव्हणे येऊन राह्यले तुह्याकडं?"

"काय म्हणाले?"

"पाव्हणे आले नाई म्हणे, जाऊन राह्यले. लवकर जात नाई म्हणे, म्हून बसलो." त्या हसल्या. "म्हातारपणात डोकं सरकते मानसाचं. तू पोहे खाशीन का? तुहा बाप सकाळी इथंच उभा राहून खात होता, कांदा काढून."

"नंतर खाते."

मी बाहेर पडले तर समोरून मुख्य परीक्षक किसनसिंग येत होते. पोलीस बँडमधून निवृत्त, पांढऱ्या मिशा, पडद्याकडे जायच्या आधी पाय मोकळे करत होते. परीक्षकाने स्पर्धकांबद्दल काही बोलायचं नसतं. म्हणून त्यांनी स्पर्धकाबद्दल काहीच म्हटलं नाही.

"नीलमबेटी, घरचा पाइप कोणी दुरुस्त करून राह्यला का?"

"का हो?"

"मांगच्या भिंतीकडून आत्ता ड्रोन ऐकला. नुसता ड्रोन, गाणं नाई." ड्रोन म्हणजे खांद्यावरच्या उभ्या नळ्या, ज्या अखंड एकच सूर धरून असतात. "मोठी नळी कोणी तोंडानं फुकून पाह्यली. पूनमभाऊची होती. हजारात ओळखीन."

ते पुढे गेले. मी परत फिरले आणि हेमलाला हाताला धरून घेऊन आले. चोरलेला पाइप कुणी चोरीच्या जागीच फुंकून बघत नाही. फुंकून बघतो तो दुरुस्त करणारा.

आणि गुळाचं म्हणाल, तर तेही आता कळलं होतं.

५

मांडवामागे कुंपणाची भिंत होती आणि भिंतीला ऊन लागत होतं. वाट शोधावी लागली नाही. जमिनीवरून मुंग्यांची एक बारीक रांग जात होती; ती जिथे संपली तिथे एका दगडावर गुळाचा खडा होता. बाजूला शाल पसरलेली. शालीवर बाबूजींचा पाइप, सुटा सुटा करून मांडलेला. नळ्या एका ओळीत, पिशवी उलटी, तोंड उन्हाकडे. आणि त्याच्या पलीकडे उकिडवे बसलेले फय्याजचाचा.

त्यांनी मला पाहिलं, मग हेमलाला. त्यांची मान खाली गेली.

"मी सांगू का?" मी म्हटलं. "चुकलं तर थांबवा."

त्यांनी पिशवी उन्हाकडे थोडी सरकवली.

"पेटीत मुंग्या होत्या, म्हणजे पाइपात गोड काही गेलं होतं. पिशवीला मध पाजण्याची सवय एकट्या मानोऱ्याला आहे, म्हणून तो मानोऱ्यातच गेला. पाइप नसल्याचं सर्वांत जास्त नुकसान मानोऱ्याचंच, तेव्हा हे वाईट हेतूने झालं नाही. कुणीतरी काळजी म्हणून केलं. चामडं मध पितं. कापड पीत नाही. मध आतल्या आत वाहत गेला आणि सूर काढणाऱ्या पातीवर, रीडवर बसला, त्यामागे मुंग्या गेल्या. सकाळी हेमलाने पाइप फुंकला, आवाज घुसमटला. ती तुमच्याकडे धावली. तुम्ही तिला म्हणालात, रिकामी पेटी घेऊन जा, तोंड उघडू नको, मी आणून देतो."

हेमलाच्या गालांवरून पाणी ओघळलं, पण आवाज सरळ होता. "तुमी म्हणल्या होत्या ना ताई, आपल्याच पाइपासारखी काळजी घे. आमी आपल्याले मध पाजतो. माह्या बापानं मोहोळ काढून आणलं होतं. चांगला मध होता."

मी म्हटलं होतं. शब्दन् शब्द. तिने त्यातला एकही वाया जाऊ दिला नव्हता.

"चाचा, मला का नाही सांगितलं?"

"कोणत्या तोंडानं सांगू, बेटा?" ते पहिल्यांदाच बोलले. "पूनमभाऊनं जिंदगीभर मधाले हात लावला नाई. त्याच्या पाइपात मध. भाभी पयल्या रांगेत बसणार, तिले मी काय म्हणू? म्हनलं, धुऊन पुसून ठेवून देतो, कोणाले कळाचं नाई. पण वेळ लागून राह्यला."

"मुंग्यांमुळे."

"पाण्यात बुडवलं असतं त एका झटक्यात काम होतं. पण हा पूनमभाऊचा पाइप हाय. रस्त्यानं चालता चालता मुंग्या दिसल्या का तो मले धरून बाजूला ओढे, ट्रक आल्यासारखा. ह्याच्यात मुंग्या मारून, मंग हा वाजवाचा कसा?" त्यांनी गुळाकडे बोट दाखवलं. "म्हून गूळ ठेवला. गेल्या आता सगळ्या. स्वखुशीनं गेल्या. शेवटची मघाच उतरली. मंग कोमट पाण्यानं धुतला. नवी रीड बसवली. पण पिशवी वाळल्याबिगर बांधता येत नाई, बेटा. घंटा दीड घंटा तरी ऊन पाह्यजे."

मैदानावरून ध्वनिक्षेपकाचा आवाज आला. पहिल्या क्रमांकाच्या बँडने तयार राहावं, अशी सूचना होती.

पहिला क्रमांक मानोऱ्याचा होता.

६

मी रवीकडे जवळजवळ धावतच गेले. धावताना काय बोलायचं ते ठरवत होते, पोचल्यावर त्यातलं काही आठवलं नाही.

"रवी, मघाशी मी चुकले. तुझ्यावर संशय घेतला."

"मले वाटलं अजून घेऊनच राह्यल्या." त्याने माझ्याकडे पाहिलं. "सापडला?"

"सापडला. ओला आहे. वाळायला वेळ हवा." मी श्वास घेतला. "क्रम बदलशील? तुझा शेवटचा मानोऱ्याला, त्यांचा पहिला तुला."

त्याच्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातला एक पुटपुटला, "सर, थंडी हाय आत्ता. ड्रोन लागत नाई."

"मले माहीत हाय रे, मीच शिकवलं तुले." मग मला म्हणाला, "घडीभरापूर्वी चोर होतो ना मी?"

"होतास."

"आन् आता दाता होऊ?"

"नाही म्हणालास तर मी काही म्हणणार नाही. नियमात राजीखुशी आहे."

त्याने मेणाची डबी बंद केली. उघडली. पुन्हा बंद केली. "तिसऱ्या वर्षी जिंकलो तवा पूनमसरानं मले काय म्हनलं, माहीत हाय? म्हणे, रवी, तुह्या समोर कोणी उभं नाई राह्यलं त तू पयला नाई, एकटा हायेस." तो उठला. "उठा रे. पाइप काखेत घ्या, शर्टात घाला, काई करा, पण गरम करा. आपण पयले जाऊन राह्यलो." आणि जाता जाता मागे वळून म्हणाला, "हरल्या त मात्र रडू नका म्हणा पोरीयले. मी फकत नंबर देल्ला, ढाल नाई देल्ली."

रेषेवर पाऊल पडण्याआधी मी रवी आणि अंजना मॅडमना क्रमांक पुकारणाऱ्या निवेदकांसमोर उभं केलं. त्यांनी कारण विचारलं नाही. "राजी?" "राजी." "राजी." एवढ्यावर काम झालं.

७

एकेक बँड येत गेला. गोल करून उभा राहिला, वाजवून गेला. मी कोणाचंही धड ऐकलं नाही. मांडवामागच्या भिंतीवरचं ऊन तेवढं बघत होते.

शेवटी ध्वनिक्षेपकावर क्रमांक पुकारला गेला. मानोऱ्याच्या मुली रेषेवर आल्या. मी आईशेजारी पहिल्या रांगेत बसले होते. मोजायची गरज नव्हती, तरी मोजले. पाच. मग ढोलवाल्या मुलींच्या मागून हेमला पुढे आली आणि आपल्या जागी उभी राहिली. तिच्या काखेत बाबूजींचा पाइप होता.

सहा.

तिने पिशवीवर हात मारला आणि ड्रोन लागले. मी त्या आवाजात मोठी झाले आहे. पहाटे छतावरून तो यायचा आणि शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. त्यात घुसमट नव्हती. आईने माझा हात धरला नाही. तिने डोळ्यांवरचा चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला आणि शेवटपर्यंत समोर पाहत राहिली.

निकाल दुपारी लागला. रवीचा बँड पहिला, गारठ्यात वाजवूनही. मानोरा आणि केनवडची शाळा दुसऱ्या जागी बरोबरीत. अशा वेळी एकत्र वाजवण्याचे गुण पाहतात. ते मानोऱ्याचे जास्त होते. अंजना मॅडमनी तिथेच फोन लावला आणि कुणाला तरी सांगितलं, मुकादमाले सांगा, पोरी नागपूरले चालल्या.

किसनसिंग पडद्यामागून बाहेर आले तेव्हा त्यांना अजून शाळांची नावं सांगितली नव्हती. ते थेट नमनने लावलेल्या फोटोसमोर जाऊन उभे राहिले. "शेवटचा नंबर लागला आन् मी उठून उभा राह्यलो," ते फोटोला म्हणाले. "बाकीचे दोघं परीक्षक माह्याकडं पाहून राह्यले. म्हनलं, बसा तुमी. माह्या ओळखीचा मानूस आला."

संध्याकाळी घरी मी आईला सगळं सांगितलं. फय्याजचाचा आणि हेमला समोर उभे होते, दोघंही शाळेत उशिरा आलेल्या पोरांसारखे. आईने ऐकून घेतलं. मग ती पेटी जवळ ओढून वाकून पाहू लागली. मखमलीच्या एका कोपऱ्यात एक मुंगी राहिली होती. आईने जुन्या लग्नपत्रिकेचा एक तुकडा तिच्यापुढे धरला, ती वर चढेपर्यंत थांबली आणि तिला कुंडीजवळ नेऊन सोडली.

"मिच्छामि दुक्कडं," ती म्हणाली. क्षमा मागताना आम्ही हेच म्हणतो. मुंगीला म्हणाली की आम्हा सगळ्यांना, ते मी विचारलं नाही.

मग फय्याजचाचांना म्हणाली, "भाईसाहेब, ओळख न देता जायचं नाही यापुढे. जेवूनच जा." आणि मला म्हणाली, "हा पाइप हेमलाकडून परत मागू नको, नीलम."

नमन काही बोलेल असं वाटलं. तो म्हणाला, "कपाटासाठी फोटो आहे."

हेमलाने पाइप पेटीत ठेवला, अगदी हळू. झाकण लावता लावता थांबली.

"ताई, मंग ह्याले काय पाजू?"

"काही नाही," मी म्हटलं. "ह्यात फक्त श्वास घालायचा. पण रोज."